पायांवरचीं पिसें आणि परीक्षकाचा न्याय

कोंबडीच्या पायांवर पिसें असावींत कीं नसावींत, असलीं तर कोणत्या बोटापर्यंत असावींत, आणि घोट्यापाशीं तीं मऊ असावींत कीं ताठ असावींत, या प्रश्नांवर चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनीं दीड शतकाहून अधिक काळ वाद घातला आहे, असें सांगितलें तर आपणांस हंसूं येईल. आपल्या गांवठी कोंबडीचे पाय बहुधा उघडेच असतात. ती उकिरडा उकरते, अंडीं घालते, आणि तिच्या पायांकडे कोणी निरखून पाहत नाहीं. परंतु या क्षुल्लक दिसणाऱ्या वादाच्या पोटांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. एखाद्या वस्तूस आपण सदोष म्हणतों तेव्हां तो दोष त्या वस्तूंत असतो, कीं आपण मनाशीं योजलेल्या आदर्शांत असतो? पायांवर पिसें असलेल्या कोंबड्यांचा इतिहास या प्रश्नाचें उत्तर शोधावयास फार उपयोगी पडतो, म्हणून आज तो आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

हा इतिहास सुरू होतो तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. त्यापूर्वीं इंग्लंडांत कोंबड्याचें कौतुक व्हावयाचें तें झुंजीच्या आखाड्यांत. १८३५ सालीं कायद्यानें झुंजींचे आखाडे चालविण्यास बंदी झाली आणि १८४९ सालीं तो कायदा अधिक कडक झाला. पक्षी पाळण्याची हौस कांहीं कायद्यानें मरत नाहीं. तिनें दुसरी वाट काढली. ज्या कोंबड्याची परीक्षा पूर्वीं त्याच्या नखीवर होत असे, त्याची परीक्षा आतां त्याच्या रूपावर होऊं लागली. १४ जून १८४५ रोजीं लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानांत कोंबड्यांचें एक मोठें प्रदर्शन भरलें. आधुनिक प्रदर्शनांचा आरंभ बहुधा याच दिवसापासून मोजतात.

याच सुमारास दुसरी एक घटना घडली. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें चीनचीं पांच बंदरें परदेशी व्यापारास खुलीं झालीं आणि त्यांत शांघाय हें एक होतें. तेथून परतणाऱ्या गलबतांबरोबर चिनी कोंबड्या पश्चिमेकडे येऊं लागल्या. त्यांचा आकार पाहूनच लोक थक्क झाले. देह अवाढव्य, पिसारा कापसाच्या गादीसारखा फुगलेला, चाल मंद व स्वभाव गरीब; आणि पायाच्या नळीवरून बोटांपर्यंत उतरलेलीं पिसें! इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनें अशा पूर्वेकडच्या कोंबड्या आपल्या पक्षिगृहांत ठेवल्या, आणि राजाची आवड ती प्रजेची आवड या न्यायानें सगळा देश त्यांच्या मागें लागला.

अटलांटिकच्या पलीकडेही तीच गत झाली. १८४९ च्या नोव्हेंबरांत बोस्टन शहरीं पहिलें मोठें कोंबड्यांचें प्रदर्शन भरलें, तेव्हां हजारों लोकांची झुंबड उडाली. जॉर्ज बर्नहॅम नांवाच्या एका हिकमती व्यापाऱ्यानें १८५२ सालीं आपल्या करड्या रंगाच्या शांघाय कोंबड्या व्हिक्टोरिया राणीस नजर केल्या. या एका नजराण्यानें त्याच्या मालाची किंमत आकाशास भिडली. पुढें १८५५ सालीं यानेंच या सगळ्या वेडाची थट्टा करणारें एक पुस्तक लिहिलें आणि त्या वेडास ‘कोंबडीज्वर’ असें नांव दिलें. ताप चढविणाराही तोच आणि तापाचें निदान सांगणाराही तोच!

या कोंबड्यांच्या नांवांतही मोठी मौज आहे. ‘कोचीन’ हें नांव ऐकून आपणांस केरळांतील कोचीन आठवेल. परंतु तें आलें इंडोचीनमधील कोचीन-चायना या प्रांतावरून, आणि पक्षी तर आले शांघायहून. ‘ब्राह्मा’ या जातीचें मूळ नांव ‘ब्रह्मपुत्रा’. ती थेट ब्रह्मपुत्रेच्या कांठची, असें तिचे विक्रेते सांगत. विल्यम टेगेटमायर या विख्यात पक्षितज्ज्ञानें या दाव्यास कांहीं पुरावा नाहीं असें त्या काळींच बजाविलें होतें. शांघायच्या कोंबड्या आणि चितगांव बंदराकडून आलेले पक्षी यांच्या संकरांतून अमेरिकेंत ही जात घडली असावी, असें आज सर्वसाधारणपणें मानतात. हिंदुस्थानच्या पवित्र नदीचें नांव अशा रीतीनें अमेरिकन बाजारांत कोंबडीच्या गळ्यांत बांधलें गेलें.

आतां मुख्य विषयाकडे येऊं. हौसेच्या पहिल्या भरांत प्रत्येक परीक्षक आपल्या मर्जीप्रमाणें बक्षिसें देई. एका गांवीं पहिला आलेला कोंबडा दुसऱ्या गांवीं शेवटच्या रांगेंत बसे. यांतून भांडणें माजलीं, आणि सर्वांनीं मान्य करावें असें कांहीं प्रमाण लिहून काढणें भाग पडलें. ब्रिटनमध्यें १८६५ सालीं टेगेटमायर यांनीं संपादिलेलें पहिलें प्रमाणपुस्तक निघालें. अमेरिकेंत १८७३ सालीं बफेलो येथें कुक्कुटपालकांची संस्था स्थापन झाली आणि १८७४ सालीं तिनें आपलें प्रमाणपुस्तक प्रसिद्ध केलें. तुरा, डोळा, पाठ, पंख, पाय अशा एकेका अवयवाचें आदर्श वर्णन करावयाचें, प्रत्येकास गुण वांटून द्यावयाचे, आणि पक्ष्यांत जी उणीव दिसेल तीबद्दल गुण कापावयाचे, अशी ही पद्धति. कांहीं दोष मात्र असे ठरविले कीं, ते आढळतांच बाकीचे गुण न मोजतां पक्षी बाद. याप्रमाणें एक दोष शिक्षेचा आणि दुसरा बहिष्काराचा, अशी दोषांची दोन घराणीं झालीं.

पायांवरच्या पिसांबाबत या पुस्तकांनीं काय सांगितलें तें समजण्यासाठीं कोंबडीचा पाय डोळ्यांपुढें आणला पाहिजे. ज्या सांध्यास आपण कोंबडीचा उलटा गुडघा समजतों, तो वस्तुतः तिचा घोटा होय. खरा गुडघा वर मांडीच्या पिसांत लपलेला असतो. घोट्याखालीं जी खवल्यांची नळी दिसते तिच्या बाहेरच्या अंगानें पिसांची ओळ उतरते आणि बाहेरच्या बोटावर पसरते. ब्राह्मा व कोचीन या जातींत तीं बाहेरच्या बोटावर तर असावींतच, पण मधल्या बोटावरही असावींत, असा आग्रह आहे. मधलें बोट उघडें राहिलें तर ती उणीव. येथपर्यंत सगळें सरळ आहे. खरा घोटाळा होतो तो घोट्यापाशीं.

पायांवर पिसांची वाढ दाट झाली म्हणजे पुष्कळदां घोट्याच्या मागल्या बाजूसही पिसें फुटतात. तीं मऊ व वाटोळीं असून सांध्याभोंवतीं वळलेलीं असलीं तर कोणाचीच तक्रार नसते. परंतु कधीं कधीं तीं पंखांतल्या पिसांसारखीं ताठ व सरळ निघतात आणि खालीं, मागल्या बाजूस भाल्यासारखीं रोखून राहतात. गिधाडाच्या तंगड्यांची आठवण होऊन इंग्रजांनीं या प्रकारास ‘गिधाडी घोटा’ असें नांव ठेविलें. नांव ठेवणें हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत दोन अर्थांनीं वापरतात. येथें ते दोन्ही अर्थ लागू पडतात. पिसाचें बारसें झालें आणि त्याच क्षणीं त्याची निंदाही झाली.

या गिधाडी पिसांनीं कोंबड्या पाळणाऱ्यांस शृंगापत्तींत टाकलें. परीक्षक पायांवर भरपूर पिसें मागत आणि घोट्यावर एकही ताठ पीस सहन करीत नसत. पाळणारा दाट पिसांचे नर-मादी निवडून जोडी लावी, तों पुढच्या पिढींत पायांबरोबर घोटाही ताठ पिसांनीं भरे. ताठ पिसांची संतति काढून टाकावी तर पुढें पायच उघडे पडूं लागत. एका हातानें द्यावें आणि दुसऱ्या हातानें काढून घ्यावें, तसा हा प्रकार.

असा नियम झाला म्हणजे लबाडीस निमंत्रण मिळतें. वंशांतून जें जाईना तें बोटांनीं काढून टाकण्याची युक्ति कांहींनीं चालविली. प्रदर्शनापूर्वीं घोट्यावरचीं ताठ पिसें उपटून टाकिलीं कीं कोंबडा शुद्ध! उघड्या पायांच्या जातींतही हाच प्रकार दुसऱ्या टोंकानें चाले. अमेरिकेंतील वायंडॉट या जातीच्या घडणींत ब्राह्माचें रक्त होतें. १८८३ सालीं तिला मान्यता मिळाली ती उघड्या पायांची जात म्हणून. परंतु रक्त आपली आठवण विसरत नाहीं. खवल्यांमधून किंवा बोटांच्या बेचक्यांतून पिसाचा एखादा बारीक खुंट डोकावे, आणि तेवढ्यानें पक्षी बाद होई. मग मालक चिमट्यानें तो खुंट काढी. कोंबडें झांकून ठेविलें म्हणून उजाडावयाचें राहत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें तर कोंबडेंच सगळें उघड करी. अनुभवी परीक्षक पक्षी हातांत घेऊन घोट्यामागची कातडी बोटानें चांचपून पाही, आणि उपटलेल्या पिसाचें रिकामें घर दिसलें कीं मालकाची चोरी सांपडे. अमेरिकन प्रमाणपुस्तकानें अशा हातचलाखीस स्पष्ट फसवणूक ठरवून तिला बाद करण्याची शिक्षा सांगितली.

याच दोषाबद्दल दोन देशांनीं दोन निराळे न्याय केले, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. अमेरिकेनें ब्राह्मा व कोचीन यांच्या गिधाडी पिसांस बहिष्काराच्या यादींत घातलें. ब्रिटिश प्रमाणांतील ब्राह्माच्या वर्णनानें मात्र तडजोड पत्करली. घोटा मऊ व वाटोळ्या पिसांनीं भरलेला असावा. ताठ पिसें असलीं तर नळीवर व पायांवरही त्या प्रमाणांत भरघोस पिसें असावींत, असें त्याचें म्हणणें. म्हणजे ताठ पीस हें स्वतः वाईट नव्हे, तर बाकीच्या अंगाशीं त्याचा मेळ बसत नसेल तर वाईट. एकच पक्षी आगबोटींतून समुद्र ओलांडतांच निर्दोष किंवा सदोष होतो, याचें हें उत्तम उदाहरण होय.

याहूनही नवल पुढें आहे. १८५४ च्या जानेवारींत कॉन्स्टँटिनोपलहून इंग्लंडांत एलिझाबेथ वॉट्स या बाईंकडे कांहीं पांढरीशुभ्र कोंबडीं आलीं. डोक्यावर तुरेदार टोप, हनुवटीखालीं दाढी, पायांस पांच बोटें आणि पाय पिसांनीं पूर्ण झांकलेले. या जातीस ‘सुलतान’ असें नांव पडलें. तिच्या घोट्यावर तींच गिधाडी पिसें असतात. आणि तेथें तीं नसलीं तर पक्षी सदोष! हॉलंडमधील बूटधारी बुटक्या कोंबड्यांत, आणि बेल्जममध्यें ब्रुसेल्सजवळच्या उक्ल गांवीं विसाव्या शतकाच्या आरंभीं तयार झालेल्या दाढीवाल्या बुटक्या जातींतही हीं ताठ पिसें भूषण समजलीं जातात. ब्राह्माच्या पिंजऱ्यासमोर ज्या पिसानें परीक्षकाच्या कपाळास आठी पडते, त्याच पिसानें चार पावलें पुढें सुलतानाच्या पिंजऱ्यासमोर त्याचा चेहरा खुलतो. एकाचें पथ्य तें दुसऱ्याचें कुपथ्य म्हणतात तें असें.

कमीअधिक पिसांवरून जातीचें अस्तित्वच नाकारलें जाण्याची वेळही आली. १८७२ सालीं मेजर क्रोड यांनीं चीनमधून ससेक्स परगण्यांत ‘लँगशान’ नांवाचे काळे पक्षी आणले. त्यांच्या पायांवर पिसें होतीं, पण विरळ, आणि तीं केवळ बाहेरच्या बोटावर. विरोधक म्हणाले, ही निराळी जात कसली, ही तर काळ्या कोचीनचीच उणी आवृत्ति! क्रोड घराण्यानें तिचा कैवार घेतला, आणि नियतकालिकांतून वर्षानुवर्षें मोठा वाद चालला. अखेर लँगशान स्वतंत्र जात ठरली. कालपर्यंत जी कोचीनची उणीव म्हणून दाखविली जात होती ती आज लँगशानची ओळख झाली.

श्रोतेहो, हे सारे मनुष्यांनीं केलेले नियम झाले. परंतु पायांवर पीस उगवतें तें या नियमांस विचारून नव्हे. त्याच्या मागें निसर्गाचा जो नियम आहे, त्याचा शोध डार्विन यांनीं घेतला होता. पाळीव प्राण्यांतील व वनस्पतींतील बदलांविषयींचा त्यांचा ग्रंथ १८६८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत, प्रदर्शनांतील नांवाजलेले परीक्षक हेविट यांच्या आधारें, त्यांनीं बुटक्या कोंबड्याच्या पायावरील एका पिसाची लांबी नोंदली आहे: साडेनऊ इंच! पंखांतल्या पिसांहूनही तें लांब. आणि एडवर्ड ब्लाइथ यांचें एक निरीक्षणही ते देतात. हे ब्लाइथ कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे सुमारें वीस वर्षें प्रमुख होते. त्यांच्या लक्षांत आलें कीं, घुबडासारख्या पक्ष्यांच्या पायांवर जी मऊ लव असते तिच्यासारखीं हीं पिसें नाहींत. तीं पंखांतल्या उडण्याच्या पिसांसारखीं आहेत. यावरून डार्विन यांनीं तर्क केला कीं, पाय आणि पंख हे मूळच्या एकाच आराखड्याचे अवयव असल्यामुळें, पंखावर ज्या जागीं पिसें असतात त्याच्याशीं जुळणाऱ्या जागीं पायावर तीं उगवत असावींत.

पुढें १९०२ सालीं बेटसन यांनीं कोंबड्यांवर प्रयोग करून मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांसही लागू पडतात असें दाखविलें. १९०६ सालीं डेव्हनपोर्ट यांनीं अमेरिकेंत कोंबड्यांच्या आनुवंशिकतेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यांत पायांवरच्या पिसांचाही विचार केला आहे. पिसांचा पाय व उघडा पाय यांचा संकर केला तर संततीच्या पायांवर बहुधा पिसें येतात, पण तीं आईबापांतील पिसांच्या पायाइतकीं दाट नसतात. म्हणजे हा गुण वरचढ आहे, परंतु पूर्ण वरचढ नाहीं. आणि अगदीं अलीकडे, २०२० सालीं, संशोधकांनीं या गुणाचें मूळ दोन जनुकांपाशीं नेऊन पोंचविलें. पायाला पायपण देणारें पिट्क्स-१ हें एक जनुक, आणि पंखाला पंखपण देणारें टीबीएक्स-५ हें दुसरें. पिसांच्या पायाच्या कोंबड्यांत पहिल्याजवळचा एक तुकडा गळालेला असतो, आणि दुसऱ्याशीं निगडित असा फरक झालेला असतो. त्यामुळें जें काम पंखांत चालावयाचें त्याचा थोडा अंश पायांत चालूं लागतो. कबुतरांतही याच दोन जनुकांचा संबंध २०१६ सालीं दिसून आला होता. पिसांचा पाय म्हणजे किंचित् पंख झालेला पाय. ब्लाइथ यांच्या डोळ्यांस जें दिसलें आणि डार्विन यांनीं जें ताडलें, त्यास दीडशे वर्षांनीं अशी पुष्टि मिळाली.

या ज्ञानाच्या उजेडांत जुन्या वादाकडे पाहिलें म्हणजे गिधाडी पिसाचा फारसा अपराध दिसत नाहीं. पाय जितका पंखासारखा होईल तितकीं त्याचीं पिसें पंखाच्या पिसांसारखीं ताठ व्हावयाचीं, हें ओघानेंच आलें. पाळणाऱ्यानें नेटानें निवड केली तर हे दोन गुण कांहीं अंशीं वेगळे करतां येतात, आणि अमेरिकेंतील उत्तम ब्राह्मा पाहिले म्हणजे त्याची साक्ष पटते. परंतु त्यासाठीं पिढ्यान्‌पिढ्या धीर धरावा लागतो. एका पावसाळ्यांत बक्षीस पाहिजे असणारास तो धीर कोठून असणार?

म्हणूनच परीक्षकाच्या अंगीं नुसती नजर असून भागत नाहीं, विवेकही लागतो. पिसांचे दोष दोन प्रकारचे असतात, जन्माचे आणि परिस्थितीचे. चिखलानें माखलेलें, खुराड्याच्या दारांत अडकून मोडलेलें किंवा ओल्या जमिनीवर झिजलेलें पीस हा मालकाच्या निष्काळजीपणाचा दाखला होय. पुढच्या पिसेंझडीनंतर तें पुन्हां पूर्ण येईल. नवीन निघणाऱ्या पिसाच्या देठांत रक्त असतें, तें मोडलें तर पाय रक्तबंबाळ होतो. त्यालाही वंशाचा दोष म्हणतां येत नाहीं. नळीच्या खवल्यांखालीं एक सूक्ष्म किडा राहतो व खवले खरबरीत करून वर उचलतो. पिसांच्या आड तो पुष्कळ दिवस दिसत नाहीं, म्हणून अशा पक्ष्यांचे पाय वरचेवर तपासावे लागतात. परंतु मधल्या बोटावर पिसाचें मूळच नसणें, पंखांतील पिसें पिळवटलेलीं असणें, किंवा उडण्याच्या पिसांच्या दोन समूहांमध्यें कायमची फट असणें, हे दोष पुष्कळदां रक्तांतून येतात व संततींत उतरतात. मोडलेलें पीस आणि नसलेलें पीस यांतील फरक ज्यास कळला, त्यास परीक्षकाची अर्धी विद्या आली असें समजावें. बक्षीस हें एका पक्ष्याला मिळतें, पण त्याचा परिणाम त्याच्या सगळ्या संततीवर होतो. कारण पहिल्या आलेल्या कोंबड्याचीं अंडीं व पिलें दूरदूरचे लोक मागवितात.

या परिणामाची साक्ष पाहावयाची असेल तर कोचीनकडे पाहावें. ज्या पक्ष्यानें सगळ्या युरोपास वेड लाविलें, त्याच्या पिसांच्या फुगीरपणासच गुण मिळूं लागल्यावर पाळणाऱ्यांचें लक्ष अंड्यांवरून व मांसावरून उडालें. हळूहळू तो केवळ शोभेचा पक्षी झाला. ब्राह्मा थोडा भाग्यवान ठरला. अमेरिकेंत तो मांसासाठीं सुमारें १९३० पर्यंत मोठ्या प्रमाणावर पाळला जात असे, त्यामुळें त्याच्या हाडापेराकडे लोकांचें लक्ष राहिलें. जेथें गिऱ्हाईक आणि परीक्षक दोघेही पक्ष्याकडे पाहत होते तेथें पक्षी तगला. जेथें एकटा परीक्षकच उरला तेथें पिसें वाढलीं आणि कोंबडी हरवली.

यावरून प्रमाणपुस्तकें जाळून टाकावींत असें मात्र कोणी समजूं नये. प्रमाण नव्हतें तेव्हां मर्जी होती, आणि मर्जीपेक्षां लिहिलेला नियम केव्हांही बरा. त्या नियमांमुळेंच ब्राह्मा ब्राह्मा राहिला, सुलतान सुलतान राहिला, आणि लँगशानला आपलें नांव मिळालें. सांगावयाचें तें इतकेंच कीं, नियम करणारानें आधीं त्या जिवाची घडण समजून घ्यावी. एकाच मुळांतून निघणाऱ्या दोन गोष्टींपैकीं एक मागून दुसरीस सुळीं देऊं नये. आणि नियम पाळणें ज्याच्या हातीं आहे त्याला प्रामाणिकपणें तो पाळतां येईल एवढा अवधि द्यावा. नाहीं तर न्यायासनापुढें उभा राहतो कोंबडा आणि त्याच्या अंगावरचें पीस उपटलें जातें मध्यरात्रीं, दार लावून. कोंबडीच्या पायाविषयीं जें खरें, तें ज्या ज्या ठिकाणीं माणूस आदर्श लिहितो व इतरांस त्या मापानें मोजतो, त्या त्या ठिकाणीं बरेंचसें खरें आहे, असें मला वाटतें.